सांगलीतला पहिला पावसाळा: आधी घराचा फूट काढा, मग घर आवरा

तुम्ही सांगलीत नव्याने राहायला आला असाल आणि घर गावभागात, कर्नाळ रोडला, दत्तनगर-काकानगरकडे किंवा शामरावनगरात मिळालं असेल, तर हा लेख जून संपायच्या आत वाचा आणि घरातल्यांना वाचून दाखवा. जुलैच्या शेवटी इथे दूधवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळे एकमेकांना एकच विचारतात, "पाणी किती फुटावर हाय?" समोरचा म्हणतो, "अडतीस." तेवढ्यावर विचारणारा ठरवतो की आज दुकान उघडायचं की माल माळ्यावर टाकायचा. नव्या माणसाला त्या अडतीसमधून काहीच बोध होत नाही.

२०१९ आणि २०२१ असे दोन्ही महापूर मी याच गावात लेकरंबाळं आणि म्हातारी माणसं सांभाळत काढलेत. दोन्ही वेळी हेच दिसलं: ज्यांना आपल्या घराचा आकडा ठाऊक होता ती घरं दिवसाउजेडी, सामान वर चढवून, शांतपणे बाहेर पडली. ज्यांना नव्हता ती "इकडं एवढं येत नाही" म्हणत थांबली आणि रात्री बोटीतून निघाली. म्हणून सुरुवात सामानापासून करू नका, आकड्यापासून करा.

१. हा फूट कुठला?

सांगलीत कृष्णेची पातळी सांगतात ती आयर्विन पुलापाशी मोजलेली. १९२९ सालचा हा पूल, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी जवळपास ५४ फुटांपर्यंत गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्नच्या आसपास, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५४ च्या वर.

नवे लोक इथेच फसतात. ४५ म्हणजे धोका, मग तोवर निवांत, असं त्यांना वाटतं. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडच्या सखल वस्त्या चाळिशी गाठायच्या आधीच पाण्यात जायला लागतात. उलट विश्रामबागेत त्याच वेळी भाजी बाजार सुरू असतो. ४० आणि ४५ हे गावाचे आकडे झाले. तुमचे वेगळे आहेत आणि ते तुम्हालाच काढायचे आहेत.

२. तीन आकडे काढा: उंबऱ्याचा, रस्त्याचा, मोरीचा

उंबऱ्याचा आकडा सर्वात सोपा. शेजारच्या जुन्या माणसांना गाठा, म्हणजे जे आजोबा रोज कट्ट्यावर बसतात, ज्या काकू पंचवीस-तीस वर्षं त्याच घरात आहेत त्यांना. "२०१९ ला आमच्या घरात पाणी कुठवर होतं?" असं विचारा. बहुतेक जण तोंडाने सांगत नाहीत, सरळ तुमच्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. घरमालकाला विचारू नका असं नाही, पण भाड्याने देणारा माणूस पाणी थोडं कमीच सांगतो. शेजाऱ्याला तशी गरज नसते.

आता गणित. समजा तुमच्या उंबऱ्यावर २०१९ ला साडेतीन फूट पाणी होतं. तेव्हा पुलाजवळ साधारण साडेसत्तावन्न. साडेसत्तावन्नातून साडेतीन वजा केले की ५४. तुमच्या उंबऱ्याचा आकडा ५४. ताळा करायला २०२१ चं विचारा. शेजारी म्हणाले, "त्या वर्षी उंबऱ्याला लागून थांबलं," तर गणित बरोबर आहे. अर्ध्या-एक फुटाची चूक धरूनच चाला, आणि चूक नेहमी सावधपणाच्या बाजूला धरा. म्हणजे ५४ आला तर ५३ लिहा.

रस्त्याचा आकडा जास्त महत्त्वाचा, आणि तो बहुतेक जण काढत नाहीत. घर उंच जोत्यावर असतं, पण गल्लीच्या तोंडाशी किंवा मुख्य रस्त्याला लागायच्या आधी एक खोलगट जागा असते. तिथे पाणी आलं की तुमचं घर कोरडं असूनही बेट झालेलं असतं. त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि तिथल्या दुकानदाराला तोच प्रश्न विचारा. उंबरा ५३ चा आणि रस्ता ४८ चा असेल, तर तुम्ही ४८ चे. निघायचं ते रस्त्याच्या आकड्यावर.

तिसरा मोरीचा. पाणी दारातून येईल म्हणून सगळे दाराकडे डोळे लावून बसतात आणि ते येतं न्हाणीच्या मोरीतून, संडासाच्या भांड्यातून. नदी चढली की गटारं आणि नाले उलटे वाहू लागतात. नदीपासून लांब असलेल्या घरांतही पाणी शिरतं ते याच वाटेनं, आणि शेरीनाल्याच्या बाजूच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. जुन्या भाडेकरूंना विचारा, "मोरीतून कधी उलटं आलं होतं?" हा आकडा उंबऱ्यापेक्षा खाली निघेल.

तिन्ही आकडे जाड मार्करने कागदावर लिहा आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. मुलांना पाठ करायला लावा. घर अजून भाड्याने घ्यायचंय किंवा विकत घ्यायचंय अशांनी पूररेषेचा नकाशाही पाहावा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

३. रोजचं पत्रक वाचायला शिका

पावसाळ्यात प्रशासनाकडून दररोज पाणीपातळीचं पत्रक येतं. त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ अशी ओळीने नावं असतात. नवा माणूस फक्त आयर्विनचा आकडा बघतो. तुम्ही वरून खाली वाचा, कारण पाणीही त्याच क्रमाने येतं. बहे-ताकारीला चढतंय म्हणजे ते तुमच्याकडे निघालंय. भिलवडीला उतरायला लागलं की आयर्विनला उतार पडायची आशा धरायची.

दुसरा आकडा कोयनेचा. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सोडलंय या बातमीने घाबरायचं काही कारण नाही. सहा वक्र दरवाजे उचलले आणि विसर्ग हजारो क्युसेकने वाढतोय, ही बातमी मात्र गंभीरपणे घ्या. सोबत वारणेचं चांदोली धरण बघा. वारणा सांगलीच्या जरा खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. तिला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा सांगलीत जाणवतो.

सांगलीत ऊन पडलंय यावर कधीही विसंबू नका. पाऊस महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला पडतो आणि पूर इथे येतो. स्वच्छ आकाशाखाली पाणी चढताना बघणं नव्या माणसाला खरंच वाटत नाही, पण इथे तसंच होतं.

आणि वेग बघा. तासाला २ इंच म्हणजे फार वाटत नाही, पण २४ तासांत ते ४ फूट होतात. आमच्या घरचा नियम असा: रस्त्याच्या आकड्याला ४ फूट उरले की सामान वर चढवायला लागायचं. २ फूट उरले की माणसं बाहेर. ते २ फूट रात्रीत भरतील असं दिसत असेल तर संध्याकाळीच बाहेर. यावर घरात मतदान घ्यायचं नाही.

४. जायचं कुठे, हे जूनमध्येच बोलून ठेवा

पै-पाहुण्यांत कोणी विश्रामबाग, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशा उंचावरच्या भागात असेल तर आत्ताच स्पष्ट बोला: "वेळ आली तर आम्ही पाच जण आठवडाभर येऊ, चालेल का?" नाही म्हणाले तरी जूनमध्ये कळलेलं बरं. जाताना स्वतःचं पीठ, तांदूळ, तेल आणि अंथरुणं न्या. पुरात त्यांच्या घरी तुमच्याआधीही कोणी तरी आलेलं असतं.

कोणीच नसेल तर महापालिकेच्या शाळांत निवारा केंद्रं उघडतात. आपल्या प्रभागाची शाळा कोणती ते नगरसेवकाच्या कार्यालयात किंवा प्रभाग कार्यालयात विचारून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, साप-मगरीसारख्या वन्यप्राण्यांसाठी वन विभागाचा १९२६. हेही फ्रिजवरच्या कागदावर.

दुचाकी-चारचाकी कुठे लावायची हेही आधी ठरवा. गाडी माणसांच्या आधी उंचावर जाते, कारण शेवटच्या दिवशी मिरज रोडला जागा मिळत नाही.

५. कागदपत्रांची पिशवी

ही एकच पिशवी दाराजवळच्या खुंटीला पूर्ण पावसाळा टांगलेली ठेवायची. आत जाड प्लास्टिकमध्ये हे सगळं:

- सर्वांची आधार कार्डं, रेशनकार्ड, बँक पासबुक
- घरपट्टीची पावती किंवा खरेदीखत, भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि वीजबिल
- घराच्या, सामानाच्या आणि वाहनाच्या विम्याची कागदं
- मुलांचे दाखले, गुणपत्रकं, जन्मदाखले
- औषधांच्या चिठ्ठ्या आणि किमान पंधरा दिवसांची औषधं
- थोडी रोख रक्कम, सुट्ट्यांसकट (वीज नसली की मशीनमधून पैसे निघत नाहीत)

सगळ्यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. भाडेकरूंनी भाडेकराराकडे विशेष लक्ष द्यावं. तोंडी ठरलेल्या भाड्यावर मदतीच्या वेळी राहत असल्याचा पुरावा देताना फार त्रास होतो.

६. एका रविवारी रंगीत तालीम करा

लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. जूनमधला एखादा रविवार धरा, सकाळी चहा झाला की घड्याळ लावा आणि खरंच पाणी येतंय असं समजून खालचं सामान वर चढवा. सगळं नाही, पण प्रत्येक प्रकारातलं एक तरी. गादी माळ्यावर जाते का? शिलाई मशीन दोघांनी उचलतं का, की चौघं लागतात? आजीची लाकडी पेटी जिन्याच्या वळणावर अडते, हे त्या दिवशी कळलं तर हसू येतं. पुराच्या रात्री कळलं तर रडू येतं.

मुलांना या कामात पूर्ण वाटा द्या. कोणाचं काय हे त्यांनी चिकटपट्टीवर लिहून चिकटवायचं: "वर-१" म्हणजे सर्वांत आधी वर, "वर-२" नंतर, "राहू दे" म्हणजे भिजलं तरी चालेल. आमच्याकडे धाकटीने "राहू दे" ची चिठ्ठी गणिताच्या वहीवर लावली होती, ती काढायला लावली. पण त्या दिवसापासून पुराचं नाव काढलं की ती घाबरत नाही, आपली यादी म्हणून दाखवते. प्रत्येक मुलाची स्वतःची एक पिशवी असू दे: दोन जोड कपडे, वह्या-पुस्तकं, एक आवडीची वस्तू. ती वस्तू कोणती यावर वाद घालू नका.

आजी-आजोबांचा प्रश्न वेगळा. "२००५ ला पण आम्ही इथंच होतो" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यांना धाक घालून उपयोग नाही. त्यांच्याकडे एक जबाबदारी द्या. आमच्याकडे देव्हारा आईंकडे असतो. देव डब्यात बसले की त्या स्वतःच चप्पल घालून दारात उभ्या राहतात. गुडघे दुखणारं, साखरेचं, ऑक्सिजनवरचं माणूस घरात असेल तर २ फुटांचा नियम त्यांच्यासाठी ४ फुटांचा करा. त्यांना आधी पोचवा, मग येऊन सामान बघा.

तालमीसाठी आणि खऱ्या वेळेसाठी आणून ठेवायचं सामान: नायलॉनची दोरी, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे बॅरल, खताची रिकामी पोती आणि वाळू, जाड पिशव्या, टॉर्च, पॉवर बँक, मार्कर. परत आल्यावर लागणारे गमबूट, खराटा, फावडं, घमेलं आणि ब्लीचिंग पावडरही आत्ताच घ्या. पुरानंतर गावात खराटा मिळत नाही.

७. काय आधी, काय नंतर

सोनंनाणं आणि कागद झाले की धान्य. वर्षाची ज्वारी, गहू, डाळी, चटणी, हळद हे गृहिणीच्या पूर्ण उन्हाळ्याचं काम असतं आणि ते भिजलं की फेकूनच द्यावं लागतं. कणगीतून काढून बॅरलमध्ये भरा, झाकणाला पट्टी मारा आणि बॅरल माळ्यावर ठेवा. लोणच्याच्या बरण्या दोघांनी धरून न्या.

मग पंप, मिक्सर, इन्व्हर्टरची बॅटरी, संगणक. प्लायवूडचं फर्निचर वाचत नाही, त्यामुळे त्याच्यावर ताकद घालवू नका, फक्त खण रिकामे करा. लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण रिकामे करून दार उघडंच ठेवा. बंद दार गंजून आणि गाळाने असं घट्ट होतं की फोडावं लागतं.

फ्रिज तरंगतो, हे नव्यांना पटत नाही. रिकामा फ्रिज पाण्यावर उचलला जातो आणि आडवा होऊन दाराशी अडकतो. वर नेता येत नसेल तर आडवा न करता खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. गॅसच्या सिलिंडरचंही तसंच. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर गजाला उभा बांधा.

८. घर सोडताना

मोरी आणि संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी घट्ट बसवा, वर अजून एक ठेवा. त्याने पाणी कायमचं थांबत नाही, पण घाण गाळ बराच अडतो आणि तुम्हाला काही तास मिळतात. मुख्य स्विच बंद करा, तोही हात कोरडे असताना आणि पायाखाली पाणी यायच्या आत. घर पाण्यात असताना बोर्डाला हात लावायचा नाही. जनावरं दावणीला बांधलेली ठेवू नका. मांजर शोधून पिशवीत घालायला अर्धा तास धरा.

पाण्यातून चालत निघायची वेळ आलीच तर काठीने पुढची जमीन चाचपत, गटारांची उघडी झाकणं टाळत, लहानांना मधे धरून चला. बोटीत बसायची वेळ आली तर लाइफ जॅकेट मागा आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या बोटीची वाट बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यांच्या घरची माणसं आजही याच जिल्ह्यात राहतात. भरलेल्या बोटीत घाईने पाय टाकताना त्यांची आठवण ठेवा.

आणि पूर बघायला पुलावर जाऊ नका, मुलांना तर अजिबात नेऊ नका. बचावाच्या गाड्यांना रस्ता मोकळा लागतो.

९. पाणी ओसरताना आणि परतल्यावर

इथे एक युक्ती आहे, जुन्या सांगलीकरांची. पाणी पूर्ण जायची वाट बघू नका. घरात वीतभर पाणी उरलं आणि आत जाणं सुरक्षित असलं की, त्याच पाण्यात खराटा मारून गाळ ढवळायचा आणि पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. एकदा का पाणी गेलं आणि दोन दिवस ऊन लागलं की तो गाळ फावड्याने खरवडावा लागतो.

पण खराटा हातात घ्यायच्या आधी फोन हातात घ्या. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचे फोटो आणि व्हिडिओ काढा. एका फोटोत घराचा क्रमांक आणि रेषा दोन्ही दिसू द्या. पंचनाम्याला पथक येईल तेव्हा घरातलं एक जाणतं माणूस हजर हवं. नाव, बँक खातं, खराब झालेल्या गोष्टी नीट लिहिल्यात का हे वाचून मगच सही करा. भाडेकरूंनी आपलं नाव वेगळं लावून घ्यावं, घरमालकाच्या नावात आपलं सामान मोजलं जात नाही. नंतर याद्या लागतात तेव्हा स्वतः जाऊन बघा, कारण खातं क्रमांकातला एक आकडा चुकला तरी पैसे अडतात.

भिजलेली गाडी सुरू करू नका. किल्लीसुद्धा फिरवू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केली तर आतले भाग मोडतात आणि विमा कंपनी तो खर्च नाकारू शकते. ओढून गॅरेजला न्या.

साप अडगळीत, चपलांच्या स्टँडवर, गाद्यांच्या घड्यांत बसलेले असतात. सामान हाताने नाही, काठीने हलवा. चावला तर जखम कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका, चावलेला अवयव न हलवता सरळ शासकीय रुग्णालय गाठा. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका आणि ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) तपासणी करून घ्या.

वीज जोडायच्या आधी वायरमनकडून सगळे बोर्ड उघडून सुकवून घ्या. जमिनीखालची पाण्याची टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंगने धुवा आणि त्यानंतरही काही दिवस प्यायचं पाणी उकळूनच प्या.

भिंतींना रंग मात्र दिवाळीच्या घाईने देऊ नका. वीट आतून महिनोन्‌महिने ओली असते आणि वरून दिलेला रंग पापुद्रे होऊन सुटतो. खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा, सामान भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उन्हाळा लागला, भिंतीला तळहात लावला आणि गार लागेनासा झाला की मग रंगाऱ्याला बोलवा.